जुनं आधी, नवं मागे

त्या दिवशी स्टोअरकीपरांनी कचऱ्याच्या डब्यात वाकून पाहिलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माणसाने डब्याचं झाकण उघडावं, हातातलं टाकावं आणि मोकळं व्हावं. आत काय पडलंय याची चौकशी करू नये. पण चौकशी हा तर त्यांचा पिंडच. ते वाकले आणि त्यांना आत अर्धा पाव, वाटीभर भात आणि एकच चावा घेतलेलं सफरचंद दिसलं.

त्यांनी दोन्ही मुलींना बोलावलं आणि सफरचंद वर धरलं.

"हे कुणाचं?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने सफरचंदाकडे पाहिलं.

"त्याला डाग होता," धाकटी म्हणाली.

"कुठे आहे डाग? मला तर दिसत नाही."

"तेवढाच होता. तो मी खाल्ला."

 स्टोअरकीपर सफरचंद हातात घेऊन खुर्चीवर बसले. (शेवटी विचारांच्या नादात त्यांनीच ते खाऊन टाकलं, पण ते जाऊ द्या.)

आता त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. एका मोठ्या इस्पितळाचं औषधांचं भांडार त्यांच्या ताब्यात होतं. गोळ्या, बाटल्या, मलमं, सलाइन, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. भांडाराचा नियम एकच: नवा माल आला की फळीवर मागे सरकवायचा, जुना पुढे ओढायचा, आणि कुणी मागायला आलं की पुढचं उचलून द्यायचं. जुनं आधी, नवं मागे. म्हणजे औषधाची मुदत टळत नाही आणि टाकायची पाळी येत नाही. तरी कधीमधी एखादं खोकं कोपऱ्यात दडून राही, मुदत उलटून जाई, आणि नष्ट करायला बाहेर काढावं लागे. त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. कुणाच्या तरी आजारी पोराला ही बाटली मिळाली असती, या विचाराने त्यांचा जीव कळवळायचा. इस्पितळातले लोक मागून त्यांना 'एक्सपायरीराव' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

तर असा माणूस. त्याने घरातलं अन्न कचऱ्यात पाहिलं, आणि ठरवलं की जे भांडाराला चालतं ते घराला चालायला काय हरकत आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चिकटणाऱ्या पांढऱ्या चिठ्ठ्यांचं बंडल आणलं आणि मुलींना फ्रिजसमोर उभं केलं.

"आजपासून शिजलेल्या प्रत्येक पदार्थावर तारखेची चिठ्ठी लागेल. जुनं पुढे, नवं मागे. जे आधी शिजलं ते आधी संपवायचं. ते संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही."

"मी काय म्हणते," त्यांची बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "पानात मुळात थोडंच वाढलं आणि हवं तेव्हा पुन्हा मागून घेतलं, तर उरणारच नाही ना."

"ते तात्पुरतं झालं," स्टोअरकीपर म्हणाले. "पोरींना शिस्त लागायला हवी."

बायको पुन्हा ओट्याकडे वळली. तिला शिस्तीचा अनुभव होता. लग्नाआधी ती एका मोठ्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर एकटीने सांभाळायची, आणि तिथे पातेल्याच्या तळाशी शितं राहिलेली कुणी पाहिली नव्हती. पण हे स्टोअरकीपरांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

नियम सुरू झाला. पहिल्या दिवशी आदल्या दिवशीचं उरलेलं आधी खाल्लं. त्यामुळे त्या दिवशीचं ताजं उरलं. ते दुसऱ्या दिवशी जुनं झालं, म्हणून आधी खाल्लं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं ताजं उरलं. तुमच्या लक्षात आलं असेल. घरात रोज ताजा स्वयंपाक होत होता आणि रोज शिळं खाल्लं जात होतं. कचऱ्याचा डबा मात्र लखलखीत रिकामा होता, आणि स्टोअरकीपर येता-जाता त्याचं झाकण उघडून आत बघायचे आणि समाधानाने लावायचे.

मुली तर बापाच्या वरताण निघाल्या. थोरली दर संध्याकाळी फ्रिज उघडून चिठ्ठ्या तपासायची. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, तेव्हा तिने बरणीच्या तळाची गोळे झालेली साखर खरवडून दिली. वरची नवी आहे, ती देता येणार नाही, असं तोंडावर सांगितलं. काकूंनी त्यानंतर साखर मागितली नाही.

"एकदा तरी मला वाफाळता भात खायचाय हो," बायको एकदा म्हणाली. तिचा आवाज जरा रडवेला होता. स्टोअरकीपरांनी तिला मुदतीचं तत्त्व पुन्हा समजावून सांगितलं.

मग कधीतरी तिने तक्रार करणं सोडलं. आणि गंमत अशी, की त्या सुमारास जेवण एकदम चवदार लागायला लागलं. भाजी कालच्या तारखेची, पण कालची वाटायची नाही. पावसुद्धा मऊ. स्टोअरकीपरांनी याचं श्रेय नियमाला दिलं. "अन्न मुरलं की चव वाढते," ते भांडारातल्या मदतनिसाला म्हणाले. बायकोने हे ऐकलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

अशात तिला एक काम चालून आलं. गावात इमारतींचे नकाशे काढणारं एक ऑफिस होतं. तिथल्या लोकांना दुपारचं जेवण पुरवणारा माणूस गाव सोडून गेला होता. ऑफिसच्या मोठ्या बाईंनी कुणाकडून तरी हिच्या हाताच्या चवीबद्दल ऐकलं आणि निरोप धाडला: एक दिवस नमुना म्हणून जेवण पाठवा, लोकांना आवडलं तर रोजचं काम तुमचं.

बायको त्या दिवसापासून वेगळीच दिसायला लागली. स्वयंपाक करताना गुणगुणायची. मुली लहान म्हणून इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं एकदम वर आलं होतं. तिने वाटाण्याचा भात आणि बटाटा-घेवड्याची भाजी असा बेत ठरवला आणि शनिवारी एकदा घरी करूनही पाहिला. स्टोअरकीपरांना तिच्याकडे बघून बरं वाटायचं, आणि लगेच धास्तीही वाटायची. एवढा आनंद झालेल्या माणसाचं काही बिनसलं तर त्याला आवरायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी रजा काढली.

"मी काय करू?" सकाळी त्यांनी विचारलं.

"बाहेरच्या खोलीत बसा," बायको म्हणाली. "आज तुम्ही स्वयंपाकघरात यायचं नाही."

ते बसले. आतून फोडणीचा आवाज येत होता, झाकणं वाजत होती. मध्येच बायको मुलींना म्हणाली, "ओट्यावरच्या दोन पातेल्यांतलं डब्यांत भरा, मी तयार होते." मग ऑफिसची गाडी आली, डबे गेले, आणि बायको पदर सावरत बाहेर आली.

"घट्ट झाकणाचे आणखी डबे मिळतात का ते बघून येते. मग तशीच ऑफिसात जाईन. काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

ती गेली. स्टोअरकीपर उठून स्वयंपाकघरात गेले. मुलींची पाठ थोपटावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

"छान भरलेत ना डबे? ताजं ताजं?"

थोरलीला हा अपमान वाटला. "ताजं कसं देईन बाबा? नियम आहे ना. ओट्यावरच्या पातेल्यांना शनिवारची चिठ्ठी होती, म्हणून तर ती दिली. आजच्या तारखेचं फ्रिजमध्ये मागे आहे, ते तसंच ठेवलंय." आणि ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

स्टोअरकीपर धावतच फ्रिजकडे गेले. त्यांनी फ्रिज उघडला. सगळ्यात मागे दोन पातेली. एकात वाटाण्याचा भात, दुसऱ्यात बटाटा-घेवडा, आणि दोन्हींवर बायकोच्या अक्षरात आजची तारीख. त्यांनी पातेल्याला हात लावला. चांगलं गारढोण होतं. निदान हे तरी नीट राहिलंय, असं त्यांच्या मनात आलं.

सगळा घोटाळा त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. बायकोने ऑर्डरचं अन्न करून फ्रिजमध्ये ठेवलं. घरच्यासाठी शनिवारचं शिळं गरम करून ओट्यावर ठेवलं. गडबडीत मुलींना चुकून ओटा सांगितला, आणि मुलींनी चिठ्ठी बघून शिळं बिनदिक्कत रवाना केलं. बायकोचं पहिलंवहिलं काम, आणि ते त्यांच्या नियमाने बुडणार होतं. त्यांना रडूच यायला लागलं.

त्यांनी बायकोला फोन लावला. फोन फ्रिजच्या डोक्यावर वाजला.

"चला," ते म्हणाले. "चपला घाला."

स्कूटरवर पुढे धाकटी उभी, मागे थोरली, आणि थोरलीच्या मांडीवर पिशवीत ती दोन पातेली. रस्त्यात नळ दुरुस्तीसाठी खणलं होतं. मग सिग्नल लागला. मग पुढे एक ट्रक कुठे वळावं याचा विचार करत आडवा उभा राहिला. स्टोअरकीपरांच्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र फिरत होतं: सगळं ऑफिस त्यांच्याच इस्पितळात खाटांवर आडवं पडलंय, मोठ्या बाई पोट धरून कण्हतायत, आणि त्यांच्यासाठी गोळ्या काढून द्यायची वेळ आपल्यावर आलीय. (आणि त्या गोळ्यासुद्धा जुन्या आधी द्याव्या लागणार.)

"बाबा, तुम्ही घाबरलात का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"मग हात का हलतोय?"

"स्कूटर जुनी आहे."

ऑफिसच्या जिन्यावर ते धापा टाकत चढले. आत नकाशे बाजूला गुंडाळून लांबलचक टेबलाभोवती सगळे जेवायला बसले होते. डबे उघडले होते. वाफ येत होती. टेबलाच्या टोकाला मोठ्या बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, तोंडाशी चमचा.

"थांबा," स्टोअरकीपर म्हणाले. "कुणी खाऊ नका. ते शिळं आहे."

चमचे जिथल्या तिथे राहिले.

"शनिवारचं आहे," ते म्हणाले. अचूक माहिती द्यायची त्यांना सवय होती.

एका मिशीवाल्या नकाशाकाराचा डबा रिकामा झालेला होता. त्याने सावकाश पोटावर हात ठेवला. "मला मघापासून वाटतच होतं," तो म्हणाला. त्याच्या शेजारच्याने अजून एक घासही घेतला नव्हता, पण त्यालाही गरगरायला लागलं.

"अहो, पण छान लागतंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुरलं की लागतंच," स्टोअरकीपर कळवळून म्हणाले. "आम्ही घरी रोज... म्हणजे, ते असो. चूक झाली. ताजं मी आणलंय."

त्यांनी भराभर सगळ्यांचे डबे टेबलाच्या एका बाजूला ओढले. मिशीवाल्याच्या हातातून चमचासुद्धा काढून घेतला. मग झाकणं उलटी करून प्रत्येकापुढे पातेल्यातला गारढोण भात वाढला. वाढताना ढेकळं पडत होती. कुणीतरी एका बाजूला धाकटीला रंगीत पेन्सिली दिल्या, आणि ती टेबलाखाली बसून चित्र काढायला लागली. थोरली दाराशी पिशवी धरून उभी होती.

"हे इतकं गार का?" मिशीवाल्याने विचारलं.

"ताजं आहे म्हणून," स्टोअरकीपर म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांच्या स्वतःच्याच मनात काहीतरी अडखळलं.

मोठ्या बाईंनी चमचाभर भाजी तोंडात घातली. चावली. मग चावायची थांबल्या. मग त्यांनी हळूच पाण्याचा पेला ओढला. नेमकी त्याच वेळी दारात बायको उभी राहिली, काखेत नव्या डब्यांचं गाठोडं.

तिने टेबलाकडे पाहिलं. ढेकळांकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या बाहीला धरून त्यांना जिन्यावर ओढत नेलं.

"हे कुठून आणलंत?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"फ्रिजमधून. मागे होतं. आजचं. पोरींनी चुकून शनिवारचं पाठवलं, मी वेळेवर..."

"चिठ्ठी आजची आहे. अन्न शनिवारचं आहे."

"अगं, असं कसं होईल? तारीख तुझ्या अक्षरात आहे."

"मीच लावली. कधीपासून लावतेय. ताज्यावर जुनी तारीख, जुन्यावर ताजी. म्हणजे पोरी ताजं आधी घेतात, तुम्हीही ताजं आधी खाता, आणि सगळे नियम पाळल्यासारखे सुखात असतात. उरू नये म्हणून मी रोज बेताचंच रांधते. हा एवढा नमुन्याचा स्वयंपाक उरला होता, तो मागे ढकलून ठेवला. आणि तुम्ही माझं आज सकाळी रांधलेलं गरम जेवण लोकांच्या तोंडचं काढून घेतलंत आणि हे वाढलंत."

स्टोअरकीपर भिंतीला टेकले. इतके दिवस आपण ताजं खात होतो, हे कळून त्यांना आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, आणि मग आत टेबलाशी काय मांडून ठेवलंय ते आठवून ते घाईने दाराकडे वळले.

"मी जाऊन सांगतो त्यांना. माझी चूक आहे म्हणतो."

"तुम्ही आता एक शब्द बोलायचा नाही," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने ते पदराने टिपले आणि ती आत गेली. स्टोअरकीपर मागोमाग दारापर्यंत गेले.

"बाई, माफ करा," ती म्हणाली. "पातेल्यांची अदलाबदल झाली. डब्यांतलं आज सकाळचं आहे, माझ्या हातचं. आत्ता वाढलेलं जुनं आहे." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने बाजूला सारलेल्यातला एक डबा ओढला, सगळ्यांच्या देखत चार घास खाल्ले, आणि धाकटीला टेबलाखालून बाहेर काढून तिलाही भरवले.

मिशीवाल्याने पोटावरचा हात काढला. "तसं मला काही होत नव्हतंच," तो म्हणाला.

"पण हे गृहस्थ कोण?" मोठ्या बाईंनी दाराकडे चमचा दाखवून विचारलं.

बायकोने मागे वळून पाहिलं. स्टोअरकीपर आशेने ताठ उभे राहिले.

"मदतीला ठेवलाय," ती म्हणाली. "नवीन आहे. त्याला अजून काही कळत नाही."

लग्न झाल्यापासून बायकोच्या तोंडून त्यांनी स्वतःला 'त्याला' म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि या मुली?"

"माझ्या आहेत. आज शाळेला सुट्टी."

थोरलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. पोरगी चलाख. तिने झाकणांवरची गार ढेकळं परत पातेल्यात भरली, पातेलं आणि एक चमचा घेऊन दाराशी आली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "काका, हे टाकायचं नाही. हे तुम्ही संपवा."

काका जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. भात आंबूस लागत होता, भाजीला तेलाचा वास येत होता, पण टाकायचं कुठल्या तोंडाने? ते एकेक घास गिळत होते आणि कान आत लावून होते. आधी डबे सरकल्याचा आवाज आला. मग एक चमचा वाजला. मग दोन-चार. मग बायकोचा आवाज, जपून, प्रत्येकाला विचारणारा: "थोडंच वाढते, लागलं तर पुन्हा मागा." मग कुणीतरी हसलं, आणि मिशीवाल्याने दुसऱ्यांदा भात मागितला. स्टोअरकीपरांनी डोळे मिटले. छातीवरचं ओझं जरा हललं.

थोड्या वेळाने थोरलीचा आवाज आला, गोंधळलेला. "आई, सगळे डबे रिकामे आहेत. आता चिठ्ठी कशाला लावायची?"

"नाही लावायची," आई म्हणाली. "उरलंच नाही तर तारीख कसली?"

"असं पण करता येतं?"

"पहिल्यापासून येतं."

जिन्यावर घास घशात अडकला. पाणी मागायची सोय नव्हती.

शेवटी दार उघडलं. बायको डब्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली, मागून मुली, आणि निरोप द्यायला मोठ्या बाई स्वतः. स्टोअरकीपर पातेलं मांडीवर घेऊन तसेच बसले होते, कारण उठून उभं राहायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

"उद्यापासून रोज पाठवा," मोठ्या बाई म्हणाल्या. "जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. फक्त तुमचा हा माणूस..."

"काढून टाकते बाई," बायको घाईने म्हणाली. "आजच काढते. पुन्हा तुम्हाला दिसायचा नाही."

मोठ्या बाईंनी पायरीवरच्या माणसाकडे, त्याच्या मांडीवरच्या पातेल्याकडे आणि हनुवटीला लागलेल्या शितांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळवा झाला.

"नको हो," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "राहू द्या. बघा ना कसा शिळं खातोय. घरी बायको धड जेवायला घालत नसेल बिचाऱ्याला."

बायकोने दोन क्षण ओठ घट्ट मिटून घेतले. मुली एकमेकींकडे बघेनात.

"तुम्ही म्हणता म्हणून ठेवते," ती म्हणाली. "पण पातेल्याला हात लावू देणार नाही."

स्टोअरकीपर उठले, हात जोडून मोठ्या बाईंचे आभार मानले, आणि गाठोडं उचलून बायकोच्या मागे चार पायऱ्या अंतर ठेवून जिना उतरू लागले.